कोलोनोस्कोपीची तयारी: निम्मं औषध रात्री, निम्मं पहाटे

आमच्या मयूर विहारच्या बागेत सकाळी फिरताना साठी ओलांडलेल्यांत कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा, विषय निघतोच. सगळे विचारतात, "दुखतं का?" विचारायला हवं ते हे, की पोट नीट साफ कसं करायचं? कारण मळाखाली दडलेला पॉलिप, म्हणजे छोटा मांसल कोंब, दुर्बिणीला दिसत नाही. काही पॉलिपांचा पुढे कित्येक वर्षांनी कर्करोग होतो. वेळीच दिसला, तर बहुतेकदा त्याच तपासणीत काढता येतो.

फौजेत आम्ही ठरलेल्या वेळेपासून उलटं मोजत योजना आखतो. इथेही तसंच करा.

दोन-तीन दिवस आधी भाकरी, राजमा, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, तीळ आणि बियांचा पेरू बंद. मऊ भात, दही, इडली, सालाशिवाय बटाटा चालतो. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त पारदर्शक पेयं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम, बीट, लाल सरबत नको. तो रंग आत रक्तासारखा भासतो.

आता मुख्य गोष्ट. सगळं औषध रात्रीच पिऊन मोकळं होऊ नका. रात्रभर लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर थर धरतो. तो धुवायला दुसरा डोस तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि किमान दोन तास आधी संपवायचा. तपासणी दहाला असेल, तर पहाटे पाचला. एक लिटर असेल, तर दर पंधरा मिनिटांनी एक पेला, तासात संपतं. थंड करून, स्ट्रॉने प्या, मध्ये थोडं चाला. मळमळलं, तर अर्धा तास थांबा.

शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडू लागलं, की तयारी झाली. अजूनही गढूळ असेल, तर रुग्णालयात आधीच सांगा.

रक्त पातळ करणारी, मधुमेहाची आणि लोहाची औषधं कधी थांबवायची, हे आठवडाभर आधी विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास, जुनी बद्धकोष्ठता असेल, तर तेही सांगा. औषध त्यानुसार बदलतं. आणि गुंगी देणार असतील, तर सोबत कुणीतरी न्या. त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

एक रात्र आणि एक पहाट गैरसोयीची जाईल, पण तपासणी पुन्हा करायची पाळी टळेल. काळजी घ्या. जय हिंद.