मिंगल म्हणजे ‘जोडीदार असलेला’ नव्हे

‘सिंगल की मिंगल?’ कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न सर्रास विचारला जातो. सिंगल म्हणजे एकटा आणि मिंगल म्हणजे जोडीदार असलेला, असा विचारणाऱ्याचा हिशेब असतो. इंग्रजीत मात्र मिंगलला हा अर्थ नाही. ‘सिंगल अँड रेडी टू मिंगल’ या यमक जुळलेल्या वाक्प्रचारातून हा गोंधळ झालेला दिसतो. त्याचा अर्थ, मी एकटा आहे आणि चार लोकांत मिसळायला, नव्या ओळखी करून घ्यायला तयार आहे. म्हणजे मिंगल होण्याची तयारी दाखवतोय तो सिंगल माणूसच. हे शब्द विरुद्धार्थी नाहीतच. सिंगल हे विशेषण आहे, मिंगल हे क्रियापद. परदेशी सहकाऱ्याला कुणी ‘आय ॲम मिंगल’ म्हणून सांगितलं, तर त्याला काही बोध होणार नाही. तिथे ‘मॅरिड’ किंवा ‘इन अ रिलेशनशिप’ म्हणावं.

दुसरी चूक आपल्या मराठीतून शिरते. इंग्रजी क्रियापद उचललं की आपण त्याला ‘होणे’ किंवा ‘करणे’ जोडतो. ‘ती कुणात मिंगल होत नाही’ हे मराठी बोलणं म्हणून ठीकच आहे. पण तेच वाक्य पुन्हा इंग्रजीत नेताना ‘शी इज नॉट मिंगल्ड विथ अस’ असं होतं. इंग्रजीला तिथे ‘होणे’ लागत नाही. ‘शी डझन्ट मिंगल विथ अस’ एवढंच पुरतं. ‘मिंगल्ड’ शोभतं ते वास, आवाज, भावना यांना. लेकीच्या पाठवणीला आईबापांच्या मनात समाधान आणि हुरहूर एकत्र असते, तेव्हा एक भावना दुसरीत ‘मिंगल्ड’ असते.

मिंगल आणि सोशलाइज एकच, हा समज त्याहून पक्का आहे. लग्नाच्या स्वागत समारंभात तुम्ही एका जुन्या वर्गमित्राजवळ खुर्ची ओढून बसलात आणि दोन तास गप्पा मारल्या, तर तुम्ही सोशलाइज केलंत, मिंगल केलं नाहीत. मिंगल करणारा हातात सरबताचा पेला घेऊन उभा असतो. वरपक्षाच्या काकांशी दोन शब्द, मग शेजारच्या घोळक्यात, मग तिसरीकडे. त्यात फिरणं आहे, थोडं थोडं बोलणं आहे. इंग्रजीचे शिक्षक वर्गात हेच करवून घेतात. प्रत्येकाच्या हातात एक कागद: कुणाला पोहता येतं, कुणाला दोन भावंडं आहेत. एकेकाला गाठायचं, विचारायचं, नाव लिहायचं, पुढे सरकायचं. या खेळालाच ते ‘मिंगल’ म्हणतात.

म्हणून ‘नवी सून मिंगल होत नाही’ किंवा ‘हा मुलगा मिंगल होत नाही’ हा शेरा मला खटकतो. मिंगल ही एखाद्या प्रसंगी केलेली कृती आहे, माणसाचा स्वभाव किंवा त्याची लायकी मोजायचं माप नव्हे. कमी बोलणारं मूलही गोतावळ्यात चौघांशी एकेक वाक्य बोललं, तर ते मिंगल झालंच. आणि यात प्रेमाचे चाळे किंवा दारूची पार्टी असलीच पाहिजे, असंही काही नाही.

मिक्स आणि मिंगल यांतही फरक आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘मेंगन’ म्हणजे मिसळणे या धातूपासून मिंगल हा शब्द आला. ‘मध्ये’ या अर्थाचा ‘अमंग’ त्याच कुळातला. शेवटचा ‘ल’ वारंवारता दाखवतो, जसा स्पार्कपासून स्पार्कल. मिसळूनही ज्याचं वेगळेपण जाणवत राहतं, तिथे मिंगल जास्त शोभतो. पीठ आणि पाणी मिक्स करा म्हणतात. चटणी तासभर मुरू द्या, म्हणजे स्वाद मिंगल होतील, असं पाककृतीत लिहितात. लसूणही कळतो, मिरचीही कळते.

याच शब्दाला ‘कॉम’ जोडून झालेला ‘कमिंगल’ मात्र वकील आणि लेखापालांच्या तोंडी आढळतो, आणि बहुधा तक्रारीच्या सुरात. गुंतवणूकदाराचे पैसे दलालाने स्वतःच्या पैशांत मिसळले, की ते कमिंगलिंग. एकदा एका खात्यात गेल्यावर कोणता रुपया कुणाचा हे सांगता येत नाही, म्हणूनच शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 1993 मध्ये दलालांना ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला लावलं.