सल्ला जबलपूरचा, अंमल राज्यांचा

जबलपूरच्या पश्चिमेला हिरन नदीच्या खोऱ्यात पाटन तहसील आहे. थंडीत इथला हिरवा वाटाणा बाजारात येतो. वाटाण्याच्या रानात तण माजू द्यायला शेतकरी काही वेडा नाही. गाजर गवत माजते ते बांधापलीकडे, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात. ते उपटायचे कोणी, या प्रश्नाशी जबलपूरची एक संस्था गेली अनेक वर्षे झगडते आहे.

ही संस्था म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय. 1989 मध्ये राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र म्हणून ती जबलपुरात सुरू झाली. 2009 मध्ये तिला संचालनालयाचा दर्जा मिळाला. तणनियंत्रणाच्या अखिल भारतीय प्रकल्पाची सूत्रे तिच्याकडे असून राज्यांच्या कृषी विद्यापीठांतली केंद्रे तिला जोडलेली आहेत. आपल्याकडचे अकोल्याचे केंद्र त्यातलेच.

गाजर गवताशी मराठी माणसाचे नाते तर जुने आहे. देशात त्याची ठळक नोंद झाली ती 1955च्या सुमारास, पुण्यात. पीएल-480 या अमेरिकी अन्नमदत योजनेच्या गव्हातून ते आले, असे आपण ऐकत आलो. पण त्या योजनेचा भारताशी करार झाला 1956 मध्ये, म्हणजे त्या गव्हाच्या माथी सगळे खापर फोडता येत नाही. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. पराग आणि पाने यांमुळे शिंका, दमा, अंगावर खाज. संचालनालयाच्या अंदाजाने देशातले सुमारे 350 लाख हेक्टर क्षेत्र त्याने व्यापले आहे.

संस्थेचा सल्ला तसा साधा आहे: फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा आणि त्याचे कंपोस्ट करा. पडीक जागेत टाकळ्याचे बी फेका, तो गाजर गवताला दाबून टाकतो. (पावसाळ्यात त्याची भाजी मिळते, हा फायदा वेगळा.) आणि मेक्सिकन भुंगेरे सोडा.

या भुंगेऱ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पिवळसर अंगावर तपकिरी रेघा असलेला हा कीटक 1983 मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला आणि चाचण्यांनंतर 1984 मध्ये सोडला. त्याच्या अळ्या आणि प्रौढ दोघेही गाजर गवताची पाने फस्त करतात. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि ओरड झाली. आयात कीटकाने पीक खाल्ले तर आपण उत्तर काय देणार, ही धास्ती रास्त होती. परिषदेने सत्यशोधन समिती नेमली. गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडल्याने भुंगेरे फसत होते, असे तपासात दिसले. पिकाला खरा धोका नाही, असा निर्वाळा मिळाला. आरोप होताच कीटक मोडीत काढला नाही आणि तक्रार दडपलीही नाही. सरकारला सल्ला द्यायचा तो असा.

मात्र सल्ला देणाऱ्याच्या हाती दंडुका नसतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती आणि किडींपासून संरक्षण हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. कर्नाटकाने 1975 मध्येच गाजर गवताला कायद्याने उपद्रवी तण ठरवले, तरी ते तिथून हटले नाही. शेतकऱ्याला नोटीस देता येईल, पण रेल्वेच्या कडेला, नगरपालिकेच्या मोकळ्या भूखंडावर वाढलेल्यासाठी नोटीस कोणाला देणार? माझ्या मते शास्त्र इथे कमी पडलेले नाही, कमी पडली ती जबाबदारीची वाटणी.

म्हणून संस्था दर पावसाळ्यात कृषी विज्ञान केंद्रे, विद्यापीठे, शाळा आणि पंचायतींना हाक देते. गाजर गवत जागृती सप्ताह साधारण 16 ते 22 ऑगस्ट या काळात असतो. तुमच्या गावात, सोसायटीत ते गवत असेल, तर फुले यायच्या आत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात भुंगेऱ्यांची चौकशी करा, आणि सरकारी जागेवरच्या गवताचा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी द्या.