ठाकुरवाडीचा थांबा

पुण्याहून मुंबईला येताना मंकी हिल मागे पडलं की गाडी बोगद्यांतून हळूहळू उतरत राहते आणि कुठेतरी झाडीत उभी राहते. बाहेर ना चहावाला, ना हमाल. बरेच प्रवासी ‘सिग्नल नसेल’ म्हणून पुन्हा डोळे मिटतात. ही ठाकुरवाडी. इथे माणसं नाही, ब्रेक तपासले जातात.

ते का, हे कळायला आधी रस्त्यावरची घसरण पाहू. थंड देशांत हिवाळा आला की मोटार घसरण्याची चर्चा सुरू होते. बर्फावर टायर जागच्या जागी फिरतात, म्हणून गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल हवा, असं तिकडे सांगतात. आपल्या कर्जत-खालापुरात हिवाळा म्हणजे सर्वांत निर्धोक ऋतू: कोरडा रस्ता, सकाळचं धुकं, झालं. आपला घसरणीचा हंगाम जूनमध्ये येतो. त्यातही मुसळधार पावसापेक्षा पहिली भुरभुर वाईट, कारण ती रस्त्यावरचं तेल आणि धूळ धुऊन नेत नाही, नुसती कालवून ठेवते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे अशा दिवशी गाडी घातली, तर वळणावर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो. ट्रॅक्शन कंट्रोलची यंत्रणा प्रत्येक चाकाचा वेग मोजत असते. एखादं चाक इतरांपेक्षा जोरात फिरू लागलं की ती इंजिनाचा जोर कमी करते, किंवा त्या एकाच चाकाला ब्रेक लावते. ती एवढंच करते. पकड नावाची चीज ती निर्माण करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही. पकड असते रबर आणि डांबर यांच्यामध्ये, आणि झिजलेल्या टायरला कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स वाचवत नाही.

रेल्वेला हे दीडशे वर्षांपूर्वी कळलं, कारण तिची अवस्था बिकट. लोखंडी चाक, लोखंडी रूळ, आणि टेकणारी जागा जेमतेम नाण्याएवढी. ठाकुरवाडी ज्या बोरघाटात आहे, तिथल्या रेल्वेमार्गाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा ठेका त्याच्या पत्नीकडे, अ‍ॅलिस ट्रेडवेलकडे आला. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला, तोवर हजारो मजूर पटकी आणि तापानं गेले होते. त्यांची नावं कुठल्याच बोगद्यावर नाहीत. ज्यानं वाट दाखवली असं सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराचं देऊळ निदान खोपोलीच्या घाटात आहे. ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात.

या घाटात रेल्वेची सर्वांत कडक चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चालल्यावर १ मीटर वर. पायी चालणाऱ्याला ती चढण वाटणारही नाही. आता हिशेब करू. २० डब्यांची भरलेली गाडी ढोबळमानाने हजार टनांची. तिला नुसती मागे घरंगळू न देण्यासाठी २७ टनांची ओढ लागते, त्यावर इंजिनाच्या स्वतःच्या वजनाचे आणखी तीनेक टन. वळणांचं आणि चाकांचं घर्षण वेगळंच. पुढचं विजेचं इंजिन १२३ टनांचं. ओल्या रुळावर त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पकड धरली, तर हाती येतात जेमतेम २५ टन. मोटर कितीही दणकट असो, त्यापुढे चाक जागीच गरगरणार आणि रूळ खाणार.

म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात. त्या काही मिनिटांत फलाटावर दिवाडकरांचा वडा खाणारी पिढ्यान् पिढ्या माणसं आहेत, पण मागे काय जोडलं जातंय हे वाकून बघणारे थोडेच. बँकर म्हणजे केवळ जास्त ताकद नव्हे, जास्त चाकं: रुळाला टेकलेलं जास्त वजन. शिवाय सगळी ओढ पुढच्या एकाच कपलिंगवर येत नाही, आणि कपलिंग तुटलंच तर मागे आधार असतो. लोणावळ्याला ती सुटतात. १९२० च्या दशकाअखेर इथे वीज आली, तेव्हा मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या धाटणीची लांब नाकाची इंजिनं आली. लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. त्यातला एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

आणि वाळू. मला या सगळ्या यंत्रपसाऱ्यात तीच आवडते. इंजिनाच्या पोटाशी पेट्या असतात. चाक सुटतंय असं वाटलं की हवेच्या दाबानं कोरडी वाळू चाकापुढे रुळावर पडते. ओली वाळू नळीतच अडकते, म्हणून तिला भाजून, चाळून ठेवण्याची रीत. आजच्या इंजिनांत संगणक आसांच्या वेगातला फरक पकडून मोटरचा जोर क्षणात कमी करतो, म्हणजे मोटारीतला ट्रॅक्शन कंट्रोलच. तरीही वाळूची पेटी कुणी काढलेली नाही. पकड खरोखर वाढवणारी तीच एक गोष्ट.

चढताना चाक सुटलं तर गाडी अडते, एवढंच. उतरताना सुटलं तर काय, याचं उत्तर ठाकुरवाडीत आहे. इथे मुख्य मार्गातून एक फाटा डोंगराकडे चढत जातो आणि संपतो: कॅच सायडिंग. ब्रेक निकामी झालेली गाडी त्यात शिरते आणि चढणच तिला थांबवते. नेहमीची समजूत अशी की आपत्ती आली की सांधा वळवायचा. इथे उलट आहे. सांधा एरवीच त्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबून दाखवते, मग तिला मुख्य मार्ग मिळतो. चालकाच्या शब्दावर नाही, थांबलेल्या चाकांवर विश्वास.

मोटारवाल्यांकडे असा फाटा क्वचितच असतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल उतारावर गाडी थांबवत नाही, ते काम ब्रेकचं आणि गिअरचं. तेव्हा जूनमध्ये घाट उतरणार असाल तर टायरची नक्षी आजच बघून घ्या, आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.