‘पर्यंत’ या शब्दाचे माप

आमच्या पेढीवर जो काटा आहे तो दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. पोत्यात पाव किलो जरी कमी भरले, तरी निरीक्षकापुढे उत्तर द्यावे लागते. याविषयी आमची तक्रार नाही. 1956 च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा वडिलांनी जुनी मापे मोडीत घातली व नव्या मापाने व्यवहार सुरू केला. मापात पाप नको, हे आम्ही गल्ल्यावर बसण्यापूर्वीच शिकलो.

मात्र याच गल्ल्यावरून आम्ही दरमहा एक असा माल विकत घेतो, की ज्याला काटा नाही आणि शिक्काही नाही. तो माल म्हणजे इंटरनेट.

गेल्या श्रावणातील गोष्ट. बेळगावहून मडगावास जाणारी तांदळाची गाडी भरून उभी होती. 25 किलोच्या, नाव छापलेल्या पिशव्यांचा माल. अशा बंद पिशव्यांवर जुलै 2022 पासून 5 टक्के कर लागू झाला, आणि करपात्र माल पन्नास हजारांहून अधिक किमतीचा असला की ई-वे बिलावाचून तो राज्याबाहेर नेता येत नाही. दिवाणजी बिल करावयास बसले आणि जोडणी बंद पडली. मोबाइलवरून करावे, तर पावसाळी हवेत संकेतस्थळ उघडेना. कंपनीच्या मदतकेंद्रास दूरध्वनी केला. यंत्रातील बाईने मोठ्या अदबीने ‘आपला क्रमांक लवकरच येईल’ असे पाऊण तास सांगितले. हमाल बसून, चालक चिडलेला, मडगावच्या व्यापाऱ्याचे फोनवर फोन. अखेर दोन दुकाने सोडून शेजाऱ्यांच्या जोडणीवरून बिल निघाले. गाडी तीन तास उशिरा सुटली आणि घाटात रात्र झाली. सकाळी माल सुखरूप पोहोचल्याचे कळेपर्यंत आम्हांस झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. त्याने डबी बदलली, वेग मोजला. शंभराच्या ठिकाणी अकरा! आम्ही विचारले, “बाबा रे, पैसे शंभराचे घेता ना?” तो नम्रपणे म्हणाला, “शेठजी, कागदावर ‘शंभरपर्यंत’ असे आहे. शंभरच, असे कोठे लिहिले आहे?”

मुलाचा दोष नाही. पण त्या शब्दाने आम्ही चकित झालो. ‘पन्नास किलोपर्यंत गहू’ असे लिहून आम्ही पोती विकली असती तर?

मग नातवाकडून ही विद्या थोडी समजावून घेतली. जाहिरातीतील शंभर हे मेगाबिट असतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. शिवाय एकच तार पुष्कळ घरांत वाटलेली असते. वाड्यात एकच आड आणि संध्याकाळी सगळे पोहरे एकदम सोडलेले, असा तो प्रकार. सरकारी व्याख्येप्रमाणे ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यास 2013 पासून 512 किलोबिट पुरत होते; 2023 च्या जानेवारीत ती मर्यादा 2 मेगाबिट झाली. जाहिरात शंभराची, आणि कायद्याचे बंधन दोनाचे!

दराचीही तीच गत. फलकावर 699 रुपये. हाती आलेले बिल 824 रुपये 82 पैशांचे, कारण 18 टक्के कर बारीक अक्षरांत. मोबाइलवाल्यांचा महिना 28 दिवसांचा. त्यामुळे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2022 मध्ये प्रत्येक कंपनीस निदान एक योजना 30 दिवसांची व एक दरमहा त्याच तारखेस येणारी ठेवण्यास भाग पाडले. त्या योजना मागितल्याखेरीज दुकानदार दाखवीत नाही, हा आमचा अनुभव.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर 2016 नंतर स्पर्धेमुळे हा माल अतिशय स्वस्त झाला. जुलै 2024 मध्ये मोबाइलचे दर वाढले, तरी पूर्वीची महागाई परतली नाही. रस्ते खोदताना तारा तुटतात, त्यास कंपनी काय करणार? तुटलेली तार आम्ही समजू शकतो. अकरा देऊन शंभर लिहिणे मात्र आमच्या हिशेबात बसत नाही.

ग्राहक आयोगाकडे जाता येते काय, याची चौकशी केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात असा निर्णय दिला आहे. परंतु ग्राहक कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सामान्यतः धरत नाहीत. केवळ उपजीविकेसाठी स्वतः धंदा चालविणाऱ्यास सवलत आहे. घरच्या जोडणीस दाद मिळेल, पेढीच्या जोडणीवर वाद निघेल. म्हणून आपल्या सभासदांची गाऱ्हाणी संघाने एकत्र करून कंपन्यांपुढे मांडावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीस लेखी दिली आहे.

तूर्त पेढीवर निराळ्या कंपनीची, निराळ्या वाटेने आलेली दुसरी जोडणी घेतली आहे. पहिलीही ठेवली आहे. नातू सकाळ, दुपार, संध्याकाळ वेग मोजून वहीत टिपतो, आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक समासात लिहितो. ज्या सभासदांना ती वही पाहावयाची असेल, त्यांनी दुपारी तीननंतर पेढीवर यावे.