घर बांधायला देण्याआधी कंत्राटदाराची जुनी कामे कशी तपासावीत

बेळगाव-निपाणी भागात कंत्राटदाराच्या पाटीवर ‘पीडब्ल्यूडी क्लास वन’ असे लिहिलेले असले की घर बांधू पाहणारा माणूस निर्धास्त होतो. पण ही नोंदणी सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. कोणी किती रकमेपर्यंतचे काम घ्यावे, हे तिच्यावरून ठरते. त्याने लोकांची घरे मंजूर नकाशाप्रमाणे बांधली का, हे तिच्यावरून कळत नाही.

ते कळायला एक अडचणही आहे. बांधकाम परवाना जागेच्या मालकाच्या नावाने निघतो आणि नकाशावर इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची सही असते. कंत्राटदाराचे नाव त्यात बहुधा नसतेच. त्यामुळे पालिकेत जाऊन ‘या माणसाचे परवाने दाखवा’ म्हटले तर कारकुनालाही काही काढून देता येणार नाही. शोध घरावरूनच घ्यावा लागतो.

कंत्राटदाराकडून पूर्ण झालेल्या तीन-चार घरांचे पत्ते मागा. एक अलीकडचे असावे, एक चार-पाच पावसाळे पाहिलेले. तिथे त्याला सोबत न घेता जा. मालकाला तीन कागद दाखवायची विनंती करा: परवान्याचा आदेश, शिक्का मारलेला नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘ओसी’ म्हणतात ते. आदेश कन्नडमध्ये असेल, तर नुसता क्रमांक-तारीख पाहून समाधान मानू नका. अटींसकट तो कुणाकडून तरी वाचून घ्या. मुदत किती होती, मजले किती मंजूर झाले, हे त्यात असते. मग नकाशा हातात घेऊन घराभोवती फिरा. बाजूची आणि मागची मोकळी जागा टेपने मोजा. नकाशात एक मजला आणि वर दोन चढवलेले असतील, तर ते मालकाच्या हट्टाने झाले की कंत्राटदाराच्या ‘सगळे चालते’ या सल्ल्याने, हे मालकालाच विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरातून जेवढे समजते तेवढे कुठल्याच कागदातून समजत नाही, असे माझे मत आहे.

ओसीला सर्वांत जास्त वजन द्या. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सांगितले, की वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, आणि काम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. त्यानंतर कर्नाटकात ओसी नसलेल्या अनेक नव्या घरांची वीजजोडणी अडली. छोट्या भूखंडांवरील घरांना पुढे सवलत मिळाली. आपले घर तिच्यात बसते का, हे हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.

परवाना कुणी दिला, हे जागेवर अवलंबून असते. बेळगाव शहरात महानगरपालिका, कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, निपाणीत तिथली पालिका, खेड्यात ग्रामपंचायत. लेआउट असेल तर त्याच्या मंजुरीसाठी बेळगावात ‘बुडा’कडेही, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडेही, चौकशी करावी लागते. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होते, म्हणून तालुक्याचे जुने कागद चिकोडीत सापडू शकतात.

मालकाकडे कागद नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. ज्याला कन्नड लिहिता येत नाही, त्याने हिंदीत करावा. घराचा पत्ता किंवा मालमत्ता क्रमांक देऊन परवान्याच्या आदेशाची आणि ओसीची प्रत मागा. दुसऱ्याच्या घराचा आतला नकाशा मागितला तर नकार येऊ शकतो.

सीमाभागातली आणखी एक गोष्ट. कागल, गडहिंग्लज, कोल्हापूरचे कंत्राटदार निपाणीत कामे घेतात आणि इकडचे तिकडे जातात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहा: कर्नाटकासाठी 29, महाराष्ट्रासाठी 27. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणी कधीची आणि ती चालू आहे की रद्द, हे दिसते. उलाढाल लहान असेल तर क्रमांक नसणे गुन्हा नाही. पण क्रमांक नसताना बिलात जीएसटी लावणाऱ्यापासून दूर राहा. माणूस फ्लॅटही बांधून विकत असेल, तर कर्नाटक रेरा आणि महारेरा या दोन्ही संकेतस्थळांवर त्याचे नाव शोधा. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असल्या तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट असते; त्याहून मोठ्या प्रकल्पाची नोंदणी लागते. तुमच्या एकट्या घराला ती लागू नाही, पण त्याच्या प्रकल्पांचा उशीर आणि तक्रारी तिथे कळू शकतात.

कंत्राटदाराचे कोर्टात दावे आहेत का, हेही पाहा. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा, आणि बेळगावबरोबर कोल्हापूर जिल्हाही निवडा. एखादा दावा दिसला म्हणून माणूस लगेच वाईट ठरत नाही; दावा कशाचा आहे ते वाचा.

एवढे पाहून काम द्यायचे ठरले, तर करारात परवान्याचा आदेश क्रमांक लिहा, नकाशाबाहेरचा कोणताही बदल लेखी मंजुरीशिवाय करायचा नाही असे नमूद करा, आणि शेवटचा हप्ता ओसी हातात येईपर्यंत राखून ठेवा.