घंटा कोणाची?

केशोरी परिसरातील खेड्यांतून वसतिगृहात प्रथम येणारे मूल वेळ न पाळणारे नसते. त्याची वेळ निराळी असते. मोहफुले पहाटे वेचावी लागतात, धानाची रोवणी पाऊस ठरवितो. अशा मुलास पहिल्याच महिन्यात आळशी ठरविणे हा अन्याय होय.

घड्याळाची वेळही माणसांनीच ठरविलेली आहे. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला. मुंबई महानगरपालिकेने तर पुढे कित्येक दशके जुनीच वेळ पाळली. आपल्याकडील सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे दहा मिनिटे मागेच चालतो.

मग घंटा कशासाठी? आपल्या पूर्वजांच्या वतनी चाकरीला तास नव्हते. हाक येईल तेव्हा जावे लागे. जे तास मोजले जात नाहीत, त्यांचा मोबदलाही मागता येत नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. घड्याळ येथे मालकावरही बंधन घालते.

म्हणून उशिरा आलेल्या मुलास शिक्षेआधी घंटेचा हा अर्थ सांगावा. ती त्याला राबविण्यासाठी नाही. त्याचा प्रत्येक तास त्याच्या नावावर जमा व्हावा, यासाठी आहे.