भाजलेले मूल : विशेष उपचार आणि पुनर्वसन

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपा हे काळी नदीच्या काठचे जुने गाव. गणेशगुडी येथे काळी नदीवर बांधलेले धरण १९८७ साली पूर्ण झाले व त्याच्या जलाशयाखाली हे गाव गेले. तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले, बरीच विस्थापित कुटुंबे रामनगरला वसली, आणि पूर्वी सुपा म्हणून ओळखला जाणारा तालुका आता जोयडा या नावाने ओळखला जातो. तालुक्याचा बहुतेक भाग घनदाट अरण्याचा असून वाड्या व वस्त्या एकमेकींपासून दूर विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात ओढे भरून आले म्हणजे काही वस्त्यांचा रस्त्याशी असलेला संबंधच तुटतो.

अशा मुलखात लहान मूल भाजले तर ते वाचेल की नाही, आणि वाचल्यास पुढे त्याचे हात, मान व पाय नीट चालतील की नाही, हे केवळ मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांवर अवलंबून नसते. अपघातानंतरच्या पहिल्या तासात घरच्या माणसांनी काय केले आणि जखम भरल्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात घराने, शाळेने व आरोग्य कर्मचाऱ्यांनी किती चिकाटी दाखविली, यावरही ते तितकेच अवलंबून असते.

मुलांचे भाजणे वेगळे का?

पाच वर्षांखालील मुले ज्वालेपेक्षा गरम द्रवाने अधिक भाजतात. चुलीवरून उतरलेली पेज, चहाचे पातेले, आमटी आणि न्हाणीतील कढत पाण्याचा हंडा ही त्याची नेहमीची कारणे होत. मुलाची त्वचा प्रौढाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. ६० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी प्रौढाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलाच्या बाबतीत त्याहून फारच कमी वेळ पुरतो.

शरीराचे प्रमाणही निराळे असते. प्रौढाचे डोके व मान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे ९ टक्के भाग होतो, तर एक वर्षाच्या बालकात तोच भाग सुमारे १८ टक्के असतो. उलट, प्रौढाचा प्रत्येक पाय १८ टक्के धरतात, तर बालकाचा सुमारे १४ टक्के. म्हणून प्रौढांसाठी केलेले कोष्टक मुलांना लावून चालत नाही. गावपातळीवर लक्षात ठेवण्याजोगी खूण एकच : मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. असे किती तळहात भाजले आहेत हे मोजले म्हणजे आरोग्य केंद्राला दूरध्वनीवरून नेमकी कल्पना देता येते.

पहिला तास

भाजलेल्या भागावर ताबडतोब साधे, वाहते, थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. नळ नसल्यास तांब्याने किंवा कळशीने सतत पाणी ओतीत राहावे. आग विझल्यानंतरही उष्णता त्वचेत खोल शिरत असते. पाण्याने ती थांबते, वेदना कमी होते आणि जखमेची खोली मर्यादित राहते. काही कारणाने उशीर झाला, तरी पहिल्या तीन तासांपर्यंत हा उपाय उपयोगी पडतो.

बर्फ लावू नये, त्याने त्वचेस आणखी इजा होते. तेल, हळद, शाई, टूथपेस्ट, शेण, राख किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. हे पदार्थ उष्णता आत कोंडतात, जंतुसंसर्गास वाट देतात, आणि डॉक्टरांना जखमेची खोली पाहता यावी म्हणून ते मुलाच्या वेदना सोसून खरवडून काढावे लागतात. फोड फोडू नयेत. अंगावरील कपडे काढावेत, मात्र त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. बांगड्या, वाळे, करदोटा, अंगठी हे सूज येण्यापूर्वीच काढून घ्यावे. नंतर जखम स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाकावी आणि उरलेले अंग चादरीत गुंडाळून उबदार ठेवावे. ओले मूल लवकर गारठते.

मुलाचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातील केस जळले असतील, किंवा बंद खोलीत धूर कोंडला असेल, तर श्वासमार्ग सुजून काही तासांत श्वास अडण्याचा धोका असतो. अशा मुलास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे.

पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने काही कुटुंबे रुग्णालयात जाण्याचे टाळतात. आणीबाणीच्या रुग्णावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्याआड येऊ शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली दिला आहे.

रुग्णालयात कोणास न्यावे?

मुलाच्या शरीराचा दहा टक्क्यांहून अधिक भाग भाजला असेल. चेहरा, हात, पावले, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल. जखम पांढरी, तपकिरी वा काळसर व चामड्यासारखी कडक दिसत असेल. विजेचा किंवा रसायनाचा अपघात असेल. किंवा हातापायाला चहूबाजूंनी वेढणारी जखम असेल, तर विशेष उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयाची आवश्यकता असते. खोल जखम पुष्कळदा दुखत नाही, कारण तेथील मज्जातंतूच जळालेले असतात. म्हणून मूल रडत नाही यावरून जखम किरकोळ आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

मोठ्या जखमेत रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपतो व रक्ताभिसरण मंदावते. ते टिकविण्यासाठी शिरेतून सलाईन द्यावे लागते. पहिल्या चोवीस तासांचे प्रमाण सामान्यतः दर किलो वजनास व दर टक्का भाजण्यास ३ ते ४ मिलिलिटर असे धरतात. उदाहरणार्थ, १२ किलो वजनाचे मूल १५ टक्के भाजले, तर ५४० ते ७२० मिलिलिटर द्रव लागतो, आणि लहान मुलाची रोजची द्रवाची गरज त्याशिवाय वेगळी भागवावी लागते. यातील निम्मा द्रव पहिल्या आठ तासांत द्यावयाचा असतो. हे आठ तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर भाजल्याच्या क्षणापासून मोजावयाचे असतात. जोयड्यासारख्या भागातून दांडेलीमार्गे हुबळीला, रामनगर-लोंढामार्गे बेळगावला, किंवा घाट उतरून कारवारला वा गोव्यातील बांबोळीला जाताना प्रवासातच त्यांतील बराच काळ खर्ची पडतो. म्हणून मुलाची रवानगी करताना जवळच्या आरोग्य केंद्रातच सलाईन सुरू करणे, वेदनाशामक व धनुर्वाताची लस देणे, आणि भाजल्याची नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहिणे अगत्याचे असते.

जखमेवरील उपचार

वरवरची जखम दोन आठवड्यांच्या आत बहुधा फारसा व्रण न ठेवता भरते. तीन आठवड्यांहून अधिक काळ लागणारी जखम मात्र जाड, उंचावलेला व आखडणारा व्रण मागे ठेवण्याचा संभव असतो. पूर्वी जळालेली त्वचा आपोआप गळून पडण्याची वाट पाहत असत. स्लोव्हेनियातील मारिबोर येथील शल्यतज्ज्ञ झोरा यान्झेकोविच यांनी मृत त्वचा पहिल्या काही दिवसांतच पातळ थरांनी काढून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत रूढ केली व १९७० साली ती जगापुढे मांडली. आज खोल जखमांवर हीच दिशा सर्वत्र मान्य आहे.

आपल्याकडे या क्षेत्रात झालेले कार्यही मोलाचे आहे. मुंबईत परळ येथे १९२९ साली सुरू झालेल्या बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून, त्या निर्जंतुक करून जखमेवर बांधण्याची पद्धत विकसित केली. ओलसर सालीमुळे जखम कोरडी पडत नाही, आणि पट्टी बदलताना मुलाला कमी वेदना होतात. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासून पाहिली. ती परिणामाने बटाट्याच्या सालीच्या तोडीची, आणि करावयास सोपी व कितीतरी स्वस्त असल्याचे त्यांना आढळले. मात्र या पट्ट्या रुग्णालयात निर्जंतुक केलेल्या असतात. परसातील पान तोडून घरी जखमेवर बांधणे हा त्याचा अर्थ नव्हे.

मोठ्या प्रमाणात भाजलेल्या मुलाच्या अंगावर रोपणासाठी पुरेशी निरोगी त्वचा उरत नाही. अशा वेळी दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते. लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, बेळगावातही के. एल. ई. संस्थेच्या रुग्णालयात अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ येथील त्वचेचा केवळ पातळ थर काढला जातो. त्यामुळे रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप दिसत नाही, आणि रक्तगट जुळविण्याचीही गरज नसते.

जखम भरल्यानंतर

जखम भरली म्हणजे मूल बरे झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक उपचाराचा दुसरा अर्धा भाग तेथूनच सुरू होतो. नवा व्रण एक ते दोन वर्षे बदलत असतो, आणि त्या काळात तो आकुंचन पावतो. मुलाला ज्या स्थितीत आराम वाटतो, नेमक्या त्याच स्थितीत सांधा आखडतो. मान भाजलेले मूल हनुवटी खाली झुकवून पडते, काख भाजलेले हात अंगाशी धरते, आणि गुडघ्यामागे भाजलेले पाय दुमडून घेते. म्हणून मानेच्या जखमेत उशी देत नाहीत, हात अंगापासून दूर ठेवतात, आणि रात्री सांधा सरळ राहावा म्हणून आधाराची पट्टी बांधतात. दिवसातून अनेक वेळा व्यायाम करून घ्यावा लागतो. तो करताना मूल रडते. दया येऊन आई-वडील व्यायाम बंद करतात, आणि काही महिन्यांत हात वाकडा होऊन बसतो.

उंचावणाऱ्या व्रणांवर अंगासरशी घट्ट बसणारे, दाब देणारे कपडे शिवून दिले जातात. ते दिवसाचे सुमारे तेवीस तास वापरावयाचे असतात, आणि मूल वाढेल तसे बदलावे लागतात. खाज सुटणे स्वाभाविक आहे. व्रणास दिवसातून काही वेळा खोबरेल तेल किंवा सांगितलेले मलम चोळावे व उन्हापासून जपावे. मूल वाढते, परंतु व्रण त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे सांधे मोकळे करणारी शस्त्रक्रिया मोठे होईपर्यंत पुन्हा करावी लागणे शक्य असते. हा आधीच्या उपचाराचा दोष नव्हे, हे पालकांना प्रारंभीच समजावून सांगावे.

आहाराकडेही विशेष लक्ष हवे. भाजलेल्या शरीराची प्रथिनांची व ऊर्जेची गरज बरीच वाढते. अंडी, मासे, दूध, कुळीथ, डाळी व नाचणी हे नित्याचे पदार्थ थोडे थोडे परंतु अनेक वेळा द्यावेत. जखमेत पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर मुलाला ठेवणे हानिकारक आहे.

शाळा, अंगणवाडी आणि कार्यालय

दूरच्या वस्तीवरील कुटुंबास फेरतपासणीच्या प्रत्येक खेपेला मजुरी बुडवावी लागते व प्रवासखर्च सोसावा लागतो. त्यामुळे खेपा चुकतात, आणि पुष्कळ मुलांचे अपंगत्व उद्भवते ते येथेच. आशा कार्यकर्तीने आणि परिचारिकेने फेरतपासणीच्या तारखा नोंदवून ठेवाव्यात, व्यायाम होतो की नाही हे घरी जाऊन पाहावे, आणि आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेसाठी लागणारी कागदपत्रे तयार ठेवण्यास कुटुंबाला साहाय्य करावे. सांध्यांचे कायमचे व्यंग राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

मूल शाळेत परतण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांशी बोलावे आणि वर्गातील मुलांना साध्या शब्दांत सांगावे की हे व्रण संसर्गजन्य नाहीत. टोपणनावे पाडणे व चिडविणे पहिल्याच दिवशी थांबवावे. मुलाला उन्हात बसवू नये, दाब देणारे कपडे काढावयास सांगू नये, आणि दर तासाला हात-पाय ताणण्याची मोकळीक द्यावी. खेळातून व कामातून मात्र त्याला वगळू नये, कारण धावणे, चेंडू पकडणे, फळ्यावर उंच हात करून लिहिणे हे सर्व त्याच्या सांध्यांचे उपचारच आहेत.

बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे असतात. बादलीत आधी थंड पाणी घालावे व मग कढत पाणी मिसळावे. पेजेचे भांडे जमिनीवर उघडे ठेवू नये, रांगत्या मुलाच्या व चुलीच्या मध्ये आडोसा असावा, आणि मूल मांडीवर असताना चहा पिऊ नये. प्रत्येक ग्रामसभेत, अंगणवाडीत व शाळेत या गोष्टी, आणि वीस मिनिटे पाण्याचा नियम, वर्षातून एकदा तरी सांगितला जावा. रुग्णालय दूर आहे हे एकाएकी बदलणार नाही. परंतु पाणी प्रत्येक घरात आहे, आणि बऱ्या होणाऱ्या मुलाकडून रोज व्यायाम करून घेणारी माणसेही तेथेच आहेत.